पदवीच्या पाठीवरचे शिक्के

माझ्या बी.एस्सी.च्या पदवीची पुढची बाजू मी शेवटची नीट कधी पाहिली, ते आठवत नाही. तिची पाठ मात्र मला तोंडपाठ आहे. वर डावीकडे विद्यापीठाचा गोल शिक्का, त्याखाली राज्य शासनाचा, मग दिल्लीचा, म्हणजे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. त्याला लागून संयुक्त अरब अमिरातीच्या वकिलातीचा आणि सगळ्यांत शेवटी, इथे दुबईत उतरल्यावर मारून घेतलेला, इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. एकूण पाच. बी.एड.च्या पदवीवर तसेच आणखी पाच.

ही पाठ आठवायचं कारण आमचा घरचा व्हॉट्सॲप ग्रुप. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीबद्दलचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दलचा निकाल आला. ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे, त्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हायची, नाहीतर घरी बसायचं. पाचपेक्षा कमी उरलेल्यांना नोकरी पुरी करता येईल, पण टीईटीशिवाय बढती नाही. माझा धाकटा भाऊ सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहे. २००६ मध्ये तीन हजार रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागला. महाराष्ट्रात पहिली टीईटी झाली २०१३ मध्ये. म्हणजे तो लागला तेव्हा ही परीक्षा जन्मालाही आली नव्हती. त्याने ग्रुपवर जरा कुरकूर केली, तर आमचे मेहुणे लगेच म्हणाले, "ताईला विचार. परदेशात शिक्षकांची कागदपत्रं किती कडक तपासतात! तिथे कोणी कुरकुरतं का?"

कुरकुरतं, दाजी. मी बारा वर्षं कुरकुरतेय.

२०१३ मध्ये दुबईच्या एका भारतीय शाळेत नोकरी पक्की झाली, तेव्हा ऑफर लेटरमध्ये एक ओळ होती, 'पदव्या साक्षांकित करून आणाव्यात.' मला वाटलं, गॅझेटेड ऑफिसरची सही. तालुक्याला एक ओळखीचे होते. एजंटने फोनवर हसून खरी साखळी सांगितली आणि मग विचारलं, "मॅडम, ओरिजिनल लॅमिनेट केलेलं नाही ना?"

होतं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, केलं होतं. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून पदवी मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते ती घेऊन कोरेगावला गेले, जाड प्लॅस्टिकात बंद करून आणली आणि फ्रेम करून गणपतीशेजारी लावली. प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही, स्टिकर टिकत नाही, म्हणून लॅमिनेट केलेला कागद कोणी हातात धरत नाही. मग फोटो स्टुडिओवाल्याने हेअर ड्रायरची गरम हवा मारत तो कागद सोलला. कुलगुरूंची अर्धी सही प्लॅस्टिकबरोबर निघून आली. दादा शेजारी उभे होते. काही बोलले नाहीत. दुय्यम प्रतीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, चलन यांत अडीच महिने गेले. शाळेने जागा अडवून ठेवली, हे माझं नशीब.

त्यात नावाचा घोळ. पदवीवर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आपल्याकडे हे कोणाला खटकत नाही, कारण लग्न झाल्यावर बाईचं अर्ध्याहून जास्त नाव बदलतं हे आपण गृहीतच धरलेलं असतं. इथल्या खिडकीवर मात्र त्या दोन वेगळ्या बायका ठरतात. राजपत्रातली नोंद काढली, विवाह प्रमाणपत्र काढलं आणि ते प्रमाणपत्रही त्याच साखळीतून फिरवून आणलं. एवढं करूनही शाळेतली फिलिपिनो एचआर मुलगी पहिलं वर्षभर मला नवऱ्याच्याच नावाने हाक मारायची. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव लावायचा निर्णय आपल्या सरकारने घेतला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. दुसऱ्या क्षणी मनात आलं, ही पोरं मोठी होऊन परदेशी अर्ज भरतील तेव्हा चार नावं तीन चौकोनांत कशी बसवतील? निर्णय चांगलाच आहे, पण चौकोनांचाही विचार कोणीतरी करून ठेवावा. विद्यापीठांचंही तेच. माझ्या एका सहकारी बाईंच्या पदवीवर 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' आहे. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव दिलं, ते योग्यच झालं. पण हे दोन्ही एकच, हे अरबी कारकुनाला पटवताना बाईंनी बहिणाबाई कोण इथपासून सुरुवात केली म्हणे.

आता मुद्द्याची गोष्ट. हे पाच शिक्के नेमकं काय सांगतात? मला बरीच वर्षं वाटत होतं, ही पदवी खरी आहे असं सांगतात. तसं नाही. राज्य शासन विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची सही ओळखतं, दिल्ली राज्याच्या अधिकाऱ्याची, वकिलात दिल्लीवाल्याची. प्रत्येकजण फक्त आपल्या आधीच्या माणसाला ओळखतो. १९६१ च्या हेग करारातून आलेलं 'अपॉस्टिल' नावाचं प्रमाणपत्र हीच साखळी आखूड करतं. करारातल्या देशांना एकच अपॉस्टिल पुरतं, वकिलातीची पायरी गळते. भारत या करारात २००५ पासून आहे, सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ पासून, अमिराती त्यात नाही. पण अपॉस्टिलही सही, सही करणाऱ्याचं पद आणि शिक्का, एवढ्याचीच ग्वाही देतं. आतल्या मजकुराची नाही, हे करारातच आहे. परराष्ट्र मंत्रालय अपॉस्टिलचे पन्नास रुपये घेतं, साध्या साक्षांकनाचे काहीच नाही. मी मात्र एजंटला तीन कागदांचे मिळून वीस हजारांच्या वर मोजले. ते साताऱ्याहून मुंबई आणि मुंबईहून दिल्ली या फेऱ्यांचे. तेव्हा सगळं दिल्लीलाच जायचं, २०१९ पासून मुंबईतही होतं.

शिक्के पदवीच्या खरेपणाची ग्वाही देत नाहीत, याचा पुरावा इथेच मिळाला. मध्यंतरी अमिरातीने शिक्षकांकडे पदवीच्या समकक्षतेचा दाखला मागितला. पाच शिक्के असूनही पडताळणी करणाऱ्या कंपनीने माझ्या विद्यापीठाला थेट पत्र पाठवून विचारलं, 'ही बाई तुमच्याकडे शिकली का? नियमित की बहिस्थ?' म्हणजे शिक्क्यांवर त्यांचाही विश्वास नव्हताच! खरा प्रश्न हा एकच होता आणि तो पहिल्याच दिवशी विद्यापीठाला विचारता आला असता. (उत्तर यायला सात आठवडे लागले. भाऊ दोनदा त्या खिडकीवर जाऊन उभा राहिला. कारकून जेवायला गेलेले होते, दोन्ही वेळा.) आता ई-सनद आहे, डिजिलॉकर आहे, या सरकारच्या ऑनलाइन सोयी; विद्यापीठाने नोंद चढवली असेल तर बाहेरच्याला ती तिथूनच तपासता येते. गेल्या काही वर्षांत पास झालेल्यांची सोय झाली. आमच्यासारख्या जुन्यांच्या नोंदी अजून जाड रजिस्टरांत आहेत आणि ती रजिस्टरं कोणीतरी उघडावी लागतात.

म्हणून दाजींचं म्हणणं मला पटत नाही. इथे तपासणी कडक आहे, पण ती कागदाची. कागदाला शिक्के कमी पडले म्हणून आपल्याकडे बोगस शिक्षक घुसले, असं कुठे आहे? २०२१ च्या डिसेंबरमध्ये पुणे पोलिसांनी टीईटी घोटाळा उघड केला, तेव्हा राज्य परीक्षा परिषदेचे आयुक्तच अटकेत गेले. पुढे साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. २०२५ मध्ये नागपूरचं शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगारासाठी शिक्षकाला मिळणाऱ्या क्रमांकाचं प्रकरण निघालं. नेमणूक बनावट, पण पगार सरकारी तिजोरीतून. दोन्हीकडे शिक्का मारणारा हात आतला होता. असा हात असला की पाच काय, पंधरा शिक्के बसतात.

भावाची परीक्षा घेऊच नये, असं मी म्हणणार नाही. त्याच्याशी यावरून माझं भांडण झालं आहे. शिक्षकाला आपला विषय येतो का, हे विचारायचा हक्क मुलांना आहे, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत येणाऱ्या मुलांना तर जास्तच, त्यांच्याकडे दुसरी शाळा नसते. पण एकोणीस वर्षं ज्याने शिकवलं, त्याचं शिकवणं पाहायचं असेल तर वर्गात जाऊन बसावं. दुबईत हे होतं. २००८ पासून केएचडीए या सरकारी संस्थेचे निरीक्षक खासगी शाळांत यायचे, मागच्या बाकावर बसायचे, वह्या चाळायचे, मुलांनाच विचारायचे, 'आज काय शिकलात?' मग शाळेचा अहवाल सगळ्यांना वाचायला खुला व्हायचा आणि फी किती वाढवता येईल, हे त्यावरून ठरायचं. २०२४-२५ मध्ये पूर्ण तपासण्या थांबवल्या, तर आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले होते. कारण तपासणीच्या आधीचा महिना इथेही नाटकाचाच असायचा. भिंतींवर नवे तक्ते, हुशार मुलं पुढच्या बाकावर. साहेब येणार म्हणून पटांगण सारवणाऱ्या आमच्या गावच्या शाळेत आणि यात फरक फक्त एसीचा. तरीही माणूस चाळीस मिनिटं वर्गात बसायचा. भावाच्या वर्गात शेवटचं कोण बसलं होतं, विचारलं. म्हणाला, "साहेब येतात गं. पोषण आहाराचं रजिस्टर बघतात आणि सह्या करून जातात."

शिवाय दाजी ज्या कडकपणाचं कौतुक करतात, त्याची दुसरी बाजू ग्रुपवर कोणी लिहीत नाही. माझा इथला मुक्काम नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली तर ठरावीक दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. संघटना नाही, मोर्चा नाही, न्यायालयात पुनर्विचार याचिका नाही. भाऊ रस्त्यावर उतरून घोषणा देऊ शकतो. त्याला त्याचं काही वाटत नाही, मला फार वाटतं.

परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला. शेवटी टीईटीचा अर्ज भरला म्हणे. माझ्या बी.एड.च्या बालमानसशास्त्राच्या वह्या हव्या होत्या, म्हणून माळ्यावर चढला होता. वह्या सापडल्या. त्याच पिशवीत माझी दहावीची गुणपत्रिका निघाली, दादांनी तेव्हाच प्लॅस्टिकात बंद करून ठेवलेली. त्याने ती कॅमेऱ्यासमोर धरली. "ही पण सोलून आणू का स्टुडिओतून? पुढेमागे मागितली तर?"

मी म्हटलं, "हात लावू नकोस. आहे तशी ठेव."