बास झोपत नाही, आणि दारूनं ऊब येत नाही

'भाऊजी, शनिवारी पहाटे पाचला लेक फोर्कला निघतोय. हे वाचून घ्या, सगळं यात आहे.' लेक फोर्क म्हणजे बास माशासाठी प्रसिद्ध असलेला इथला, टेक्सासचा तलाव. मेहुण्याचा हा निरोप आणि पाठोपाठ तो मजकूर. डॅलसच्या मराठी ग्रुपांवर तीन आठवडे फिरतोय: 'हिवाळ्यात मोठा बास हमखास!' वर माशाचा फोटो, खाली पाच 'सिक्रेट', शेवटी 'एका अनुभवी अँगलरकडून', म्हणजे गळानं मासे धरणाऱ्याकडून. हा अनुभवी कोण, कुठला, कशाचाच पत्ता नाही. माझ्याकडे चौथ्यांदा आला. तीनदा गप्प बसलो. आता घरातलाच माणूस त्यावर विसंबून बोटीत चढणार म्हटल्यावर लिहिणं भाग आहे.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधी एक खुलासा. आपल्याकडे हॉटेलात 'सी बास' म्हणून जो वाढतात तो बहुतेक वेळा जिताडा. इथला लार्जमाउथ बास गोड्या पाण्यातला, हिरवट, अंगाच्या मानानं प्रचंड जबड्याचा. जिताड्याशी त्याचं नातं नावापुरतंच. इथले लोक तो बहुधा गरवतात आणि सोडून देतात, हे पेण-अलिबागच्या माणसाला पचायला दोन-तीन वर्षं लागतात. मला चार लागली.

तर सिक्रेट पहिलं: 'पाणी ५० अंशांखाली गेलं की बास बेडकासारखा शीतनिद्रेत जातो. त्याला जागं करायला मोठा लूर जोरात ओढा.' हे फॅरनहाइट, म्हणजे आपले १० सेल्सिअस. लूर म्हणजे गळाला लावायचं नकली आमिष. झोपलेल्याला उठवून लगेच जेवायला बसवायचं, अशी ही कल्पना. बास शीतनिद्रेत जात नाही. मासा थंड रक्ताचा, पाणी जेवढं गार तेवढंच त्याचं अंग गार. पचन मंदावतं, एक घास कित्येक दिवस पुरतो, पाठलाग करायची ताकद आणि इच्छा दोन्ही कमी होतात. म्हणजे खाणं कमी होतं हे खरं, तेवढं मान्य करतो. पण म्हणूनच जोरात ओढलेला लूर त्याच्या नाकासमोरून निघून जातो आणि तो हलतही नाही.

टेक्सासच्या बऱ्याच तलावांत थ्रेडफिन शॅड नावाचा बोटभर मासा असतो. त्याला थंडी अजिबात सोसत नाही. पाणी ४५ फॅरनहाइटच्या खाली उतरलं की तो अर्धमेला होतो, थरथरतो, तिरका होऊन हळूहळू बुडायला लागतो. बासला यापेक्षा स्वस्त जेवण कुठलं? हिवाळ्यात सस्पेंडिंग जर्कबेट, म्हणजे पाण्यात अधांतरी थांबणारा माशाच्या आकाराचा लूर, दोन झटके देऊन दहा, पंधरा, कधी तीस सेकंद नुसता थांबवतात तो यासाठीच: मरणाऱ्या शॅडचं सोंग. नाहीतर जिग, म्हणजे डोक्याशी वजन असलेला गळ, तळाशी टेकवून इंचाइंचानं सरकवायचा. हात गारठतात, कंटाळा येतो, आणि तो कंटाळा सोसणाऱ्यालाच मासा लागतो.

आणि मोठा मासा लागतो का, याचं उत्तर टेक्सासच्या नोंदवहीतच आहे. राज्याचा विक्रमी बास १८.१८ पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोंच्या घरातला. बॅरी सेंट क्लेअर यांनी तो याच लेक फोर्कमध्ये पकडला, २४ जानेवारी १९९२ ला. ऐन जानेवारीत. तेही बासच्या मागे नव्हते. क्रॅपी या लहान माशासाठी मिनो हे जिवंत चिमुकले मासे आमिष म्हणून लावून चाळीसेक फूट खोल गळ सोडून बसले होते. म्हणजे ना मोठा लूर, ना जोरात ओढणं. मोठे बास पकडणाऱ्यांकडून ते घेऊन पैदाशीला वापरायची राज्याची 'शेअरलंकर' योजना आहे. तिच्यातला पहिला मासा, १७.६७ पौंडांचा, तोही लेक फोर्कचाच, नोव्हेंबर १९८६ मधला. या योजनेत १३ पौंड किंवा त्याहून मोठे बास पैदाशीसाठी स्वीकारतात ते १ जानेवारी ते ३१ मार्च एवढेच दिवस. कारण साधं आहे. एवढे मोठे बास माद्याच असतात, आणि वसंतात अंडी घालण्याआधीच्या या काळात त्या सर्वांत जड भरतात. जागतिक विक्रम मात्र उन्हाळ्यातले आहेत, १९३२ च्या जूनमध्ये जॉर्जियातला आणि २००९ च्या जुलैमध्ये जपानच्या बिवा तलावातला. लपवायचं काही कारण नाही.

दुसरं सिक्रेट, 'नेहमी सर्वांत खोल जागी बसा.' अर्धं खरं, सेंट क्लेअर यांचा मासाच त्याला साक्षी. पण तीन-चार दिवस ऊन पडलं की धरणाच्या बांधावरचे दगड तापतात आणि मासे तिकडे वर सरकतात. खोल आणि उथळ शेजारी-शेजारी असेल अशी उताराची जागा बघा, म्हणजे झालं. तिसरं, 'पहाटेच गाठा.' हा उन्हाळ्याचा सल्ला उचलून इथे चिकटवलाय. हिवाळ्यात पाणी दुपारी दोन-तीननंतर अंशभर तरी वर येतं, आणि तो एक अंश पुष्कळ असतो. पाचवं, 'मोठा मासा घरी न्या, थंडीतला चवदार असतो.' लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला बास ठेवताच येत नाही. पाट्या लावलेल्या आहेत.

आता चौथं. 'थंडी वाजली तर दोन पेग घ्या, अंग गरम राहतं. पाण्यात पडलात तरी घाबरू नका, पोहता येणारा माणूस किनारा गाठतोच.' हे लिहिणाऱ्याला धरून जानेवारीत लेक फोर्कच्या धक्क्यावरून खाली ढकलावंसं वाटतं. अर्थात लाइफ जॅकेट घालून.

दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. उबदार वाटतं ते आतली उष्णता बाहेर निसटत असते म्हणून. हुडहुडीही कमी होते, आणि थंडीत शरीर जास्तीची ऊब तयार करतं ते मुख्यतः हुडहुडीनंच. पोहण्याचं म्हणाल तर कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठातल्या गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी थंड पाण्यात माणसाचं काय होतं यावरच संशोधन केलंय. त्यांचा '१-१०-१' नियम लक्षात ठेवा. पहिलं एक मिनिट श्वासावर ताबा मिळवण्यात जातं. पाणी अंगाला लागताच माणूस आपोआप मोठ्ठा श्वास ओढतो, आणि तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर खेळ तिथेच संपला. पुढची दहाएक मिनिटं हातपाय कामाचे राहतात, मग बोटं दोरी धरू शकत नाहीत, हात वल्हवत नाहीत. गारठून शुद्ध जायला तासभर लागतो, पण जॅकेट नसेल तर तिथवर सहसा कुणी पोचतच नाही. विहिरीत मुटके मारून शिकलेलं पोहणं इथे उपयोगी पडत नाही. टेक्सासच्या कायद्यानं लहान बोट चालू असताना तेरा वर्षांखालच्या मुलांना जॅकेट घालावंच लागतं, मोठ्यांनी नुसतं बोटीत ठेवलं तरी चालतं. बोटीत ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडलेल्याच्या काय कामाचं?

आणि पिऊन बोट चालवणं हा गाडी चालवण्यासारखाच गुन्हा आहे, रक्तातल्या दारूची मर्यादा तीच, ०.०८ टक्के. पहिल्याच वेळी १८० दिवसांपर्यंत कैद आणि २००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. व्हिसाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसानं तरी हे दोनदा वाचावं.

मेहुण्याशी फोन झाला. 'मग थर्मासमध्ये काय न्यायचं?' एवढंच विचारलं त्यानं. चहा, म्हटलं, आलं घालून. पहाटे पाच रद्द, दहाला निघायचं. माझ्याकडे त्याच्यासाठी एक जास्तीचं जॅकेट आहे, पण ते चार वर्षांपूर्वीच्या मापाचं. पोटावर बकल लागतं का, ते शुक्रवारी रात्रीच बघून घेऊ.