रेट्रो कॅमेरा घेणाऱ्यांसाठी काही मौलिक सूचना

घ्यायचाच ना रेट्रो कॅमेरा? घ्या की. पण त्याची एक पद्धत असते, दुकानात गेलात, पैसे दिले आणि कॅमेरा घेऊन घरी आलात असं नसतं ते.

पहिलं म्हणजे फोनला नावं ठेवायला शिका. फोनचे फोटो चांगले येतात, लगेच दिसतात, मिनिटात घरच्या ग्रुपवर जातात, आणि हाच त्याचा दोष आहे. फोटोत जान पाहिजे. जान म्हणजे काय ते मला विचारू नका, रील बघा. नाहीतर आमच्या नाशकात गंगापूर रोडवरच्या एखाद्या कॅफेत जाऊन बसा, कोल्ड कॉफीशेजारी काळा-चंदेरी, डोक्यावर तीन-चार डायल असलेला कॅमेरा ठेवलेला दिसेल, लेन्सचं झाकण लावून. त्याने कॉफीचा फोटो काढत नाहीत. त्याचा आणि कॉफीचा फोटो फोनने काढतात.

दुसरं, कॅमेरा जुना दिसायला हवा, जुना असायला नको. माळ्यावर आजोबांचा अग्फा क्लिक थ्री किंवा बाबांचा याशिका पडलेला असेल तर त्याला हात लावू नका, तो खरंच जुना आहे, त्यात खरा रोल लागतो आणि रोल धुवून देणारा माणूस आता शोधत फिरावं लागतं. आपल्याला तसलं काही नकोय. आपल्याला १९८२ च्या निकॉन एफएम-टू सारखा दिसणारा आणि आतून २०२३ चा असलेला निकॉन झेड एफ पाहिजे, म्हणजे कोणीतरी विचारणार, "अय्या, रोलवाला आहे का हा?" आणि आपण हसून म्हणायचं "नाही गं." त्या "नाही गं" चेच पैसे असतात.

तिसरं, जेवढं कमी मिळेल तेवढे जास्त पैसे द्यायची मनाची तयारी ठेवा. निकॉनने २०१३ ला डीएफ नावाचा रेट्रो कॅमेरा काढला, सेन्सर, म्हणजे आत फोटो टिपणारी चिप, त्यांच्याच डी-फोर कॅमेऱ्याचा, १६ मेगापिक्सेलचा, डी-फोरमध्ये त्याच्यावर व्हिडिओ व्यवस्थित चालायचा, पण डीएफमधून व्हिडिओ काढून टाकला आणि म्हणाले ही शुद्ध फोटोग्राफी. लायकाने २०१६ ला एम-डी आणला, त्याला मागे स्क्रीनच नाही, आणि स्क्रीनवाला भाऊ अमेरिकेत ५,१९५ डॉलरला असताना हा बिनस्क्रीनचा ५,९९५ ला. मिसळीतली तर्री काढून घ्यायची आणि वर प्लेटमागे वीस रुपये जास्त लावायचे, नाशकात करून बघा म्हणावं. मग २०१८ ला एम१०-डी आला, त्याला रोल पुढे सरकवायचा खटका आहे. रोल नाहीये. खटका आहे. अंगठा टेकवायला म्हणे.

आणि २०२५ चा फुजीचा एक्स हाफ तर कळस आहे. साडेआठशे डॉलरला लाँच झाला, फोटो फक्त जेपेगमध्ये, रॉ म्हणजे नंतर हवी तशी सुधारता येणारी कच्ची फाइल नाहीच, आणि त्यात एक मोड आहे ज्यात ३६, ५४ की ७२ फोटो ते आधी ठरवायचं, तेवढे काढून होईपर्यंत एकही बघता येत नाही, प्रत्येक फोटोनंतर खटका ओढायचा आणि शेवटी फोनच्या ॲपमध्ये ते सगळे "धुवून" घ्यायचे. मेमरी कार्डातले फोटो. अरे आम्ही थांबायचो कारण दुसरा इलाज नव्हता! मुंजीला घातलेला रोल दिवाळीला संपायचा आणि धुवून आल्यावर कळायचं की शेवटचे चार-पाच काळे आलेत आणि आजीचं डोकं उडालंय. त्याची कोणाला हौस नव्हती हो.

चामड्याचा पट्टा आधी घ्या, कॅमेरा नंतर.

शटरच्या बटनावर ते छोटं लाल बटन लावायला विसरू नका, त्याच्याशिवाय पण फोटो निघतो, पण लावा.

बजेट कमी असेल तर जुना डिजिटल कॉम्पॅक्ट शोधा, २००८-१० चा, जो तेव्हा ट्रिपला नेऊन नंतर ड्रॉवरमध्ये टाकून दिला होता. आता त्याला आतल्या जुन्या प्रकारच्या सेन्सरवरून "सीसीडी कॅमेरा" म्हणतात, विंटेज. कॅननने तर २०१६ चा एक कॉम्पॅक्ट, तेव्हा २१० डॉलरच्या आसपास मिळणारा, २०२५ ला परत बाजारात आणला, मोठ्या कार्डाच्या जागी मायक्रोएसडी टाकलं आणि किंमत ३८० डॉलर. विकला जातोय.

आता एक गोष्ट खरी सांगते, हे उपरोधाने नाही म्हणत. तो डायल मला आवडतो. कॅमेरा बंद असताना नुसतं वरून बघितलं तरी शटरचा वेग किती, आयएसओ म्हणजे उजेडाला संवेदनशीलता किती ते कळतं, लेन्सवर ॲपर्चरची, म्हणजे आत किती उजेड सोडायचा त्याची, रिंग असेल तर बोटं न बघता तिच्यावर जातात, मेनूत शिरून शोधाशोध नाही. फुजीने २०११ ला पहिला एक्स१०० बाजारात आणला तो याच्यासाठी लोकांना आवडला, आणि त्यात निवडता येणारे ते रोलसारखे रंग, व्हेल्व्हिया, प्रोव्हिया, ही कंपनी खरंच त्या नावाचे रोल बनवत होती, हवेतून काढलेली नावं नाहीत ती. म्हणून तर मला त्याच मालिकेतला एक्स१००-व्हीआय घ्यायचा होता. ४० मेगापिक्सेल, एकच २३ एमएमची लेन्स, पर्समध्ये मावतो, सकाळी गोदाघाटावर घेऊन फिरलं तर कोणी दचकत नाही.

तर पुढची सूचना, एमजी रोडवर कॅमेरा घ्यायला जाताना गाडी मोठी न्या. कॅमेऱ्यासाठी नाही, बाकीच्या सामानासाठी. मी दुकानात विचारलं, "एक्स१००-व्हीआय आहे का?" तर पहिलं उत्तर "मिस्टर आलेत का सोबत?" नाही आले. मग "वेटिंग आहे मॅडम." किती? "सांगता येत नाही." मी निघाले तर दारातून हाक, "मॅडम, कॉम्बोमध्ये आहे." म्हणजे कॅमेरा आहे! आतल्या कपाटात आहे! पण तो एकटा यायला तयार नाही, त्याला सोबत म्हणून एक बॅग, नाव न ऐकलेल्या कंपनीचं कार्ड, हलणारा ट्रायपॉड, लेन्स पुसायचं किट आणि ५२ एमएमचा यूव्ही फिल्टर. आता या कॅमेऱ्याला फिल्टर लावायचा तर आधी ॲडॅप्टर रिंग लागते आणि मग ४९ चा बसतो, ५२ चा बसतच नाही, हे मी सांगितलं तर तो म्हणे "ठेवा मॅडम, दुसऱ्या लेन्सला होईल." दुसरी लेन्स! या कॅमेऱ्याची लेन्स निघत नाही हो!! विकणाऱ्याला माहीत नाही. बरं नुसता कॅमेरा द्या म्हटलं तर "कंपनीनेच तसं सांगितलंय", कंपनीचं लेखी दाखवा म्हटलं तर "मालक नाहीयेत", बॅगेची किंमत विचारली तर ती ऑनलाइनच्या दुप्पट, पक्कं बिल मागितलं तर चेहरा असा की मी त्याची किडनी मागितली, म्हणे बिल असेल तर अठरा टक्के वेगळे. वेगळे कसले? एमआरपीत टॅक्स धरलेला असतो, खोक्यावरच लिहिलेलं असतं. आणि वर सल्ला, "सिंहस्थ आलाय मॅडम, सगळ्यांना कॅमेरे लागणार, नंतर याहून महाग होईल." म्हणजे गोदामाईच्या नावावर पण बॅग खपवायची.

आपल्या त्र्यंबकला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ ला विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि पुढच्या वर्षी पिक्चर लोकांसमोर आणला. लंडनच्या दुकानदाराने त्यांना आधी ट्रायपॉड घ्या, पुसायचं किट घ्या म्हणून अडवलं नसावं, नाहीतर आपला सिनेमा अजून वेटिंगवर असता.

पुढच्या सूचना होत्या अजून, फिल्म रेसिपीवर, म्हणजे रोलसारखे रंग आणायच्या सेटिंगवर, एक होती, पण आता मूड गेला.

दुकानदारांनो, ऐका. खोक्यावर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेता येत नाही हे तुम्हाला चांगलं माहितीये, म्हणूनच ही बॅगेची आयडिया काढलीत. पण एक वस्तू घेतल्याशिवाय दुसरी मिळणार नाही अशी अट घालणं हे पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, प्रतिबंधात्मक व्यापार पद्धत म्हणतात त्याला. माल कमी येतो मान्य, त्याला तुम्ही काय करणार. मग नावं लिहून घ्या, नंबराने द्या, बिलासकट द्या. कपाटात लपवून वेटिंग सांगता, लाज वाटत नाही?

आणि त्याच कॅमेऱ्यासाठी मुकाट्याने कॉम्बो उचलणारे तुम्ही लोक, तुम्ही काही कमी नाही. मागचा एक्स१००-व्ही १,३९९ डॉलरचा होता, रील चालल्यावर त्याचे वापरलेले पीस नव्यापेक्षा महाग गेले, ते कोणी घेतले? तुम्हीच. सीलबंद घेऊन, एकही फोटो न काढता महिन्याभरात जास्त भावाने विकायला टाकणारे पण तुमच्यातलेच. दीड लाखाच्या वर पैसे मोजता आणि बिल मागायला लाजता. भाजीवाल्या मावशीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करताना नाही लाज वाटत ती. जरा तोंड उघडा, एमआरपी बघा, नुसता कॅमेरा मागा, आणि नाही म्हणाले तर तिथेच काउंटरसमोर उभं राहून ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन लावा, स्पीकरवर.