मराठी गोष्टी वाचल्या की कन्नड बिघडतं म्हणे!

बेळगाव-खानापूरकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या ‘वाचनाबद्दल पाच कटू सत्यं’ असा एक मेसेज फिरतोय. खाली नाव नाही, नुसतं ‘एक अनुभवी शिक्षणतज्ज्ञ’. माझ्यापुरता आला असता तर पुसून मोकळी झाले असते. पण तो माझ्या धाकट्या बहिणीकडे गेला आणि तिने पाचवीतल्या पोराच्या बाईंना निरोप धाडला, शनिवारी घरी गोष्टीचं पुस्तक देऊ नका. मी विचारलं तर म्हणते, ‘आक्का, तज्ज्ञांनीच लिहिलंय की!’

मेसेज थोडक्यात असा: वाचनाची आवड उपजत असते, शिक्षक ती लावू शकत नाहीत. वर्गात गोष्ट वाचून दाखवणं म्हणजे पोर्शन बुडवणं. सीमाभागात मराठी अवांतर वाचणारी मुलं कन्नडात मागे पडतात. वाचायला लावायचंच तर पुस्तकामागे बक्षीस ठेवा, न वाचल्यास दंड. आणि बाकी सगळा दोष मोबाईलचा.

तिसरा मुद्दा आधी घेते, कारण खरं नुकसान तिथे आहे. आपल्या मराठी शाळांतल्या बऱ्याच मुलांचं कन्नड कच्चं असतं, हे मान्य. धडा घडाघडा वाचतील आणि अर्थ विचारला की छताकडे बघतील. पण त्याचं खापर मराठी गोष्टींवर कसं फोडता? काना-वेलांटी लागली की अक्षराचा उच्चार बदलतो, हे मूल एकदाच शिकतं. कन्नडची कागुणित आपल्या बाराखडीसारखीच चालते: क, का, कि, की. वर्णमालेचा क्रमही तोच. नवं असतं ते अक्षरांचं वळण, आणि ए-ओ ऱ्हस्वही असतात एवढं. मराठीत ज्याचं वाचन सुटलंय त्याला तेवढंच नव्याने शिकायचं. मराठीतच जो प्रत्येक जोडाक्षराला थांबतो, तो कन्नडातही थांबणार.

गुणांचीच काळजी असेल तर हिशेब मांडा. एसएसएलसीत, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेत, पहिल्या भाषेचा पेपर १२५ गुणांचा, बाकीचे शंभराचे. मराठी माध्यमाच्या पोराची पहिली भाषा कुठली, हे तज्ज्ञांना माहीत नसावं.

कन्नड अडतं ते वेगळ्या कारणाने. पाठ्यपुस्तक सोडून त्या पोराच्या हाती कन्नड काही पडतच नाही. मग मराठी काढून घेण्यापेक्षा कन्नड गोष्टी द्या ना! प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर कितीतरी गोष्टी मराठीतही आहेत आणि कन्नडातही, चित्रं तीच, आणि सगळं फुकट. सोमवारी मराठीत वाचून दाखवायची, गुरुवारी तीच कन्नडात. गोष्ट ठाऊक असली की मुलं अनोळखी शब्दाचा अर्थ चित्रावरून ताडतात. पण हे घडवून आणायला शिक्षकच लागतो.

पोर्शन बुडतो म्हणे! अमेरिकेत १९८५ साली वाचन आयोगाने तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन अहवाल काढला. त्यात स्वच्छ लिहिलंय की पुढे वाचनात यश येण्यासाठी जी जाण लागते, ती घडवणारी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुलांना मोठ्याने वाचून दाखवणं, आणि ते वरच्या इयत्तांतही चालू ठेवावं. पहिला मुद्दाही इथेच निकालात निघतो. आवड उपजत असती तर वाचून दाखवून फरक पडलाच नसता. आपल्याच राज्यातल्या सरकारी शाळांत पहिली ते तिसरी नलिकली नावाची शिकवण्याची पद्धत चालते, गाणी, कार्डं, खेळ. सरकारलाही पोर्शन बुडवायचा असेल बहुतेक.

बक्षीस आणि दंडाबद्दल फार लिहीत नाही. पुस्तकामागे पेन मिळतं म्हटलं की पोरं सगळ्यात बारीक पुस्तक उचलतात आणि सारांश म्हणून मागच्या कव्हरवरचा मजकूर उतरवतात. एकाने तर ‘किंमत ४० रुपये’ही उतरवली होती.

मोबाईलचं अर्धं खरं आहे. पण मोबाईल हिसकावला म्हणून हातात पुस्तक येत नाही. आई-बाप दोघंही रोजगारावर जाणाऱ्या घरात गोष्टीचं पुस्तक येणार कुठून? शाळेतून. आणि शाळेतली पुस्तकं कुठे असतात? बऱ्याच ठिकाणी हेडमास्तरांच्या खोलीतल्या कपाटात, कुलूपबंद. स्टॉक रजिस्टरला नोंद असते, एखादं हरवलं तर भरून कोण देणार म्हणून ती बाहेरच निघत नाहीत. वर निवडणुकीची कामं, जनगणना, अक्षर दासोहचा, म्हणजे दुपारच्या जेवणाचा हिशेब हेही शिक्षकांच्याच गळ्यात. या तज्ज्ञांना मेसेज पाठवायची एवढीच हौस असेल तर बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला एक पाठवावा: मुलांच्या हातून फाटलेलं, हरवलेलं पुस्तक रजिस्टरमधून बिनबोभाट कमी करायची लेखी परवानगी शाळांना कधी देता?