डॉग शोचे नियम बदलताय? आधी रिंगमधल्या मिनिटांचा हिशेब मांडा

मंडळी, प्रादेशिक डॉग शोचे नियम बदलायचे म्हणून सभासदांकडून सूचना मागवल्या की ढिगानं येतात, आणि त्यात सगळ्यात वर असते ती मागणी म्हणजे वर्ग वाढवा, ट्रॉफ्या वाढवा. आमचं स्पष्ट मत, ती बाजूला ठेवा. शो बिघडतो तो वेळेमुळं. ज्या नियमानं रिंगचा, म्हणजे जज कुत्री तपासतो त्या आखलेल्या जागेतला, वेळ वाचतो आणि कुत्र्याचे हाल थांबतात तो आधी बदला.

जज एक कुत्रं नीट बघतो म्हणजे काय? उभं करून हातानं तपासतो, दात बघतो, एकदा त्रिकोणात आणि एकदा सरळ पळवून चाल बघतो. तीन मिनिटं लागतातच, म्हणजे तासाला २०. एका जजपुढं १२० एन्ट्र्या असल्या तर सहा तास झाले. जेवण आणि बेस्ट इन शो, म्हणजे सगळ्यांतून शेवटचा विजेता निवडणं, धरलं की आठ. त्यात सकाळी गेटवर ३० स्पॉट एन्ट्र्या घेतल्या की आणखी दीड तास. तो दीड तास भोगतो कोण, तर दुपारच्या उन्हात नंबर येईपर्यंत धापा टाकत बसलेले पग आणि बुलडॉग. कुत्र्याच्या शरीराचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ४० च्या वर गेलं की धोका सुरू. चपट्या नाकाच्या जातींना धापा टाकूनही अंग नीट थंड करता येत नाही, कारण आत हवा जाण्याची वाटच अरुंद. फेब्रुवारीत कोल्हापूरची सकाळ गार असते म्हणून आयोजक निर्धास्त राहतात आणि अकरानंतर पळापळ होते.

म्हणून नियम सरळ ठेवा. एन्ट्री दहा दिवस आधी बंद, स्पॉट एन्ट्री नाही. चपट्या नाकाच्या जाती सकाळी आठ ते दहा. आणि उद्घाटन? पाहुणे येवोत न येवोत, पहिली रिंग ठरल्या वेळेला सुरू. हारतुरे आणि भाषणं जेवणाच्या सुट्टीत उरका. हा नियम कागदावर सगळ्यात सोपा आणि पाळायला सगळ्यात अवघड, हे आम्हालाही ठाऊक आहे.

‘बेबी क्लास’ काढा, तीन महिन्यांची पिल्लं घ्या, ही सूचना दरवेळी येते. फेटाळा. पार्वो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या रोगांवरच्या लसींचा पिल्लांचा कोर्स साधारण १६ व्या आठवड्याला पुरा होतो. त्याआधी आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीला नीट चढू देत नाही, म्हणून तर डोस तीन-चार आठवड्यांनी परत परत द्यावे लागतात. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने तग धरतो. मैदानात पिल्लू कडेवर घेऊन आलं तरी मालकाच्या बुटाला लागून तो घरी जातोच. रेबीजची लस शोच्या किमान २१ दिवस आधीची असावी आणि कार्ड गेटवरच तपासावं, रिंगच्या तोंडाशी नको. माजावर आलेल्या मादीचंही आधीच ठरवून टाका. एक तर बंदी, नाही तर तिची रिंग सगळ्यात शेवटी.

आता आपल्या भागाचा विषय, कारवान आणि पश्मी ही आपली सडपातळ, वेगवान शिकारी कुत्री. इथं नियम बदलायलाच हवेत. दोन तक्रारी खऱ्या आहेत. पहिली, शर्यतीसाठी ग्रेहाऊंडशी मिसळलेली कुत्री कारवान म्हणून रिंगमध्ये उतरतात. दुसरी, उंची मोजताना होणारा घोळ. कारवान नराची उंची ६८ ते ७२ सेंटिमीटर, मादीची ६४ ते ६८. ही टेपनं मोजली तर टेप खांद्याच्या गोलाईवरून वळते आणि आकडा फुगतो. त्यामुळं आडवी सरकपट्टी असलेली मापकाठी घ्या. गवतात पंजे रुततात, तेव्हा खाली चार बाय चार फुटांचं जाड प्लायवूड टाका. पुढचे पाय सरळ उभे, मान नेहमीसारखी, आणि पट्टी खांद्याच्या सर्वांत उंच हाडावर. पट्टी अंगाला लागली की बुजरं कुत्रं दबकतं आणि दोन सेंटिमीटर तिथंच जातात. आधी मापकाठी हुंगू द्या, मग दोनदा मोजा, मोठा आकडा लिहा.

दात हँडलरनं, म्हणजे कुत्रं रिंगमध्ये धरणाऱ्यानं, दाखवायचे, जजनं तोंड उघडायचं नाही, हेही नियमातच घाला. कारवान अनोळखी हात सहन करत नाही, मागून हात आला तर उसळतो, आणि मग शेरा पडतो ‘स्वभाव वाईट’. शिवाय एकच हात साठ तोंडांत फिरला तर केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला, वाटायला वेगळा माणूस ठेवायला नको.

मायक्रोचिप तपासणीत वाद होतो तो बहुतेक वेळा चिप नसल्यामुळं नव्हे, ती सापडत नसल्यामुळं. चिप मानेच्या मागं टोचलेली असली तरी सरकून खांद्यापर्यंत, कधी कोपरापर्यंत उतरते. लोखंडी चेन काढून, स्कॅनर अंगालगत ठेवून सावकाश फिरवावा आणि १५ अंकी नंबर कॅटलॉगशी, म्हणजे शोच्या छापील एन्ट्री-यादीशी, ताडून बघावा.

जजबद्दल एकच अट पुरे. गेल्या वर्षभरात त्यानं पैदास केलेलं, विकलेलं किंवा रिंगमध्ये धरलेलं कुत्रं त्याच्यापुढं यायचं नाही.

हे सगळं कुणाच्या हातात आहे तेही बघा. शो केनेल क्लब ऑफ इंडियाच्या मान्यतेचा असेल तर वयाचे वर्ग, नोंदणी आणि चॅलेंज सर्टिफिकेटच्या (चॅम्पियन किताबासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राच्या) अटी तिथून येतात, स्थानिक सभेत हात वर करून त्या बदलत नाहीत. वेळापत्रक, गेट, मैदान, मोजणीची सोय मात्र आपलीच. आणि कृपा करून शोचे नियम संस्थेच्या घटनेत घुसडू नका, नाही तर स्पॉट एन्ट्री बंद करायलाही सर्वसाधारण सभा आणि धर्मादाय कार्यालयाची वारी करत बसाल. वेगळी नियमावली ठेवा, कार्यकारिणीच्या ठरावानं ती बदलता येते.

बदल जाहीर करताना जुना नियम, नवा नियम, कारण आणि लागू होण्याची तारीख, एवढं लिहा. फेटाळलेल्या सूचनाही एकेका ओळीच्या कारणासह द्या, म्हणजे तीच मागणी पुढच्या सभेत नव्यानं उभी राहत नाही. आणि हे सगळं एन्ट्री फॉर्मच्या पाठीमागं छापा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला फोटो गेटवर कुणालाच सापडत नाही.