मेडल हातात आहे, रेकॉर्डात नाही, म्हणून ते खोटं?

डोकं फिरलंय. मंगळवारी आर्मीच्या रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं आणि तेव्हापासून मी घरात कुणाशी धड बोललेली नाही. हे चौथं पत्र. दीड पान, त्यातला अर्धा भाग नुसते संदर्भ क्रमांक, आणि खाली दोन ओळी, की पूर्वी स्टारची (७१ च्या लढाईत पूर्व आघाडीवर असलेल्यांचं मेडल) नोंद शीट रोलमध्ये, म्हणजे शिपायाच्या नोकरीच्या नोंदपत्रात, करून हवी असेल तर तो पलटणीच्या ज्या पार्ट टू ऑर्डरने मंजूर झाला तिची प्रत अर्जदाराने सादर करावी.

अर्जदाराने! म्हणजे माझ्या वडिलांनी, आबांनी! अहो ऑर्डर काढणार पलटण, ती जाणार रेकॉर्डला, शीट रोलवर चढवणार रेकॉर्डातला क्लार्क, आणि ५० वर्षांनी तिची प्रत मागायची कुणाकडे तर त्या वेळी २२ वर्षांचा असलेल्या एका शिपायाकडे. त्याने काय डिसेंबर ७१ मध्ये रायफल खाली ठेवून ऑफिसच्या तंबूत जाऊन कार्बन कॉपी मागायची होती का? चूक तुमच्या क्लार्कची, चढवायचं राहिलं तुमच्याकडून, आणि पुरावा आम्ही द्यायचा.

आधीची तीन पत्रंही सांगते. पहिलं आठ महिन्यांनी आलं, अर्ज ठरलेल्या नमुन्यात नाही. नमुना तुम्हीच पाठवा म्हटलं तर तो काही आला नाही, शेवटी दुसऱ्या एका माजी सैनिकाकडून झेरॉक्स मिळवला. दुसरं पत्र, पलटणीकडे विचारणा केली आहे. तिसरं, पलटणीकडे त्या काळातले कागद उपलब्ध नाहीत. आणि आता चौथं, तुम्हीच आणा. म्हणजे पलटणीकडे नाही, रेकॉर्डकडे नाही, पण आमच्या माळ्यावर असायला हवं!

रेजिमेंटचं नाव लिहीत नाही, कारण आबांना आवडणार नाही. त्यांच्यासाठी पलटण म्हणजे अजून आईबाप आहे.

बरं, आम्ही काहीच दिलं नाही असंही नाही. आबांच्याच कंपनीतले एक काका शेजारच्या गावात राहतात, दोघं एकाच गाडीतून गेले, एकाच तळावर होते, एकाच दिवशी परत आले. काकांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे नोकरी सोडताना मिळतं त्या पुस्तकात, पूर्वी स्टार आहे, संग्राम मेडल आहे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आहे. आबांच्या बुकात शेवटची दोन आहेत, पहिलं नाही. काकांनी ॲफिडेव्हिट करून दिलं, ८० च्या घरातला माणूस गुडघे धरत तहसीलच्या पायऱ्या चढला त्यासाठी. आजीने जपून ठेवलेली आबांची पत्रं आहेत, डिसेंबर ७१ ची, पत्ता ९९ एपीओ. आर्मीतल्या कुणालाही विचारा ९९ एपीओ हे आर्मीचं टपाल कुठल्या बाजूचं, पूर्वेचं. पश्चिमेकडचा ५६ एपीओ असता तर मी गप्प बसले असते. आणि आरटीआय टाकून, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, मी शीट रोलची प्रत मागवली तर त्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलंय की माणूस त्या तारखांना त्या पलटणीत हजर होता. पलटण कुठे होती हे तर इतिहासाच्या पुस्तकांत छापलंय. ३ डिसेंबरला लढाई सुरू झाली, १६ ला ढाक्यात शरणागती, ९३ हजार कैदी, हे शाळेतल्या पोराला पाठ असतं. संग्राम मेडल पूर्वेकडच्यांनाही मिळालं, पश्चिमेकडच्यांनाही मिळालं. म्हणजे आबा लढाईच्या काळात कामावर होते हे ऑफिसला मान्य आहे, पण कुठे होते ते मान्य नाही. पूर्वी स्टार नाही, पश्चिमेकडच्यांचा पश्चिमी स्टार पण नाही. मग काय हवेत होते का?

आणि सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे खुद्द मेडल. ते आमच्याकडे आहे! लढाईनंतर काही वर्षांनी पलटणीतूनच मिळालं. पाच टोकांचा तारा, आणि कडेवर बारीक कोरलेला आबांचा नंबर, रँक, नाव. सरकारने कोरलेला. मी त्याचे चारी बाजूंनी फोटो काढून पाठवले.

त्यावर काय उत्तर मिळालं ते आता सांगते, कारण खरं डोकं तिथे फिरलंय. पत्र वाचल्यावर मी फोन लावला. तीनदा उचलून ठेवला, चौथ्यांदा एकजण बोलला. मी शांतपणे सांगितलं की साहेब, मेडल हातात आहे, वर नंबर आहे, तो तुमच्या नंबरशी जुळतोय. तर तो म्हणतो, "मॅडम, ऐसे मेडल तो मार्केट में मिलते हैं."

फोन स्पीकरवर होता. आबांना कमी ऐकू येतं, तोफांनी कान गेलेत, म्हणून मी नेहमी स्पीकरवरच ठेवते. आणि हे वाक्य नेमकं त्यांना स्वच्छ ऐकू आलं.

मार्केटमध्ये मिळतात! हो मिळतात, का मिळतात ते सांगा ना! खरी मेडलं वर्षानुवर्षं येत नाहीत म्हणून बिचाऱ्या जवानांना परेडसाठी स्वतःच्या खिशातून कँटोन्मेंटच्या दुकानात जाऊन डुप्लिकेट घ्यावी लागतात. लाज कुणाला वाटायला हवी त्याची? ज्याने विकत घेतलं त्याला, की ज्यांनी वेळेवर दिलं नाही त्यांना? आणि दुकानातल्या मेडलवर ५० वर्षांपूर्वीचा आबांचा नंबर कोण कोरून ठेवणार होतं? ७६ वर्षांचा म्हातारा, ज्याने आयुष्यात एसटीचं तिकीट चुकवलं नाही, तो खोटं मेडल करून आणेल असं तुम्हाला फोनवर, तो समोर बसलेला असताना, सहज बोलता येतं? मला तोंडातून शब्द फुटेना. आबा काही बोलले नाहीत. उठले, ट्रंक उघडली, मेडल काढलं, उजेडात धरलं. रात्री जेवताना मला विचारतात, "कडंवरचा नंबर दिसतूय न्हवं अजून? ब्रासोनं घासून घासून गेला न्हाई न्हवं?"

त्या माणसाला मी हे कधीही माफ करणार नाही.

हे सगळं सुरू कशावरून झालं ते सांगते. २०२१ ला त्या विजयाला ५० वर्षं झाली, देशभर मशाल फिरली, जिल्ह्यात ७१ वाल्यांचा सत्कार ठरला. यादी केली डिस्चार्ज बुकांवरून. काकांचं नाव आलं, आबांचं नाही. आबा कडक इस्त्रीचा सदरा घालून काकांच्या सोबत गेले आणि मांडवात मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवून आले. घरी येऊन एवढंच म्हणाले, "नाव ऱ्हायलं वाटतं." त्याच आठवड्यात मी पहिला अर्ज केला.

आणि हे काही पहिलं नाही. आईचं नाव रेकॉर्डात एका अक्षराने चुकलेलं, ते दुरुस्त करायला ॲफिडेव्हिट, दोन पेपरांत जाहिरात आणि ११ महिने. तेव्हाही चूक त्यांच्याच क्लार्कची होती. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला, आबांच्या बोटांचे ठसे ऊस तोडून तोडून झिजलेत, मशीन घेत नाही, तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो क्रीम लावून उद्या या. जिवंत माणूस समोर उभा आहे! घरपट्टी माफीला चार हेलपाटे, प्रत्येक वेळी वेगळा कागद. आणि १५ ऑगस्ट आला की हीच सगळी मंडळी स्टेटसला तिरंगा लावून "आपले जवान आपला अभिमान". मला त्या स्टेटसची चीड आहे, शालीची आहे, नारळाची आहे. आमच्या घरात ११ शाली पडल्यात, एकीचीही घडी मोडलेली नाही. नकोत शाली. एक ओळ लिहा शीट रोलवर.

नातेवाईक वेगळेच. "त्याने पेन्शन वाढणार आहे का?" नाही वाढणार! पूर्वी स्टारला एक रुपया मिळत नाही, आम्ही मागतही नाही. पैशाचं असतं तर एव्हाना सोडून दिलं असतं. ज्यांना हे कळत नाही त्यांना मी आता समजावणंही बंद केलंय.

वकिलांना भेटले. ते म्हणाले मुंबईत आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं, म्हणजे सैनिकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या कोर्टाचं, खंडपीठ आहे, केस सरळ आहे, दाखल करू. मी आनंदाने घरी आले, तर आबांनी ताट बाजूला सारलं. "पलटणीवर केस? म्या?" मी म्हटलं पलटणीवर नाही हो आबा, ऑफिसवर. ऐकत नाहीत. १८ वर्षं ज्या नावाने जगले त्याच्याविरुद्ध सही करायला त्यांचा हात उठत नाही, आणि त्या ऑफिसात बसलेल्यांना या निष्ठेची काडीची किंमत नाही. याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. असली माणसं भांडत नाहीत म्हणून तर फाइली पडून राहतात.

मी भांडणार आहे. नवा अर्ज काल रात्री लिहून काढलाय. सोबत कडेवरच्या नंबराचा भिंगातून काढलेला फोटो, शीट रोलचं ते पान, काकांचं ॲफिडेव्हिट, पत्रांवरचे शिक्के, आणि फोनवर काय बोललं गेलं ते तारीख-वेळेसकट. वरच्या साहेबांच्या नावाने, स्पीड पोस्टाने, सोमवारी सकाळी. आबांनी वाचला. फोनचा परिच्छेद काढ म्हणाले, मी काढला नाही. "विनंती" हा शब्द त्यांनी ठेवायला लावला म्हणून ठेवलाय. "कृपया" मी सगळीकडून खोडलंय.