कडक इस्त्रीची स्की पँट

टेलरने माझ्या स्की पँटला इस्त्री केलीये. साधीसुधी नाही, कडक, पुढून मधोमध क्रीज पाडून, बाबा बँकेत घालून जायचे त्या पँटसारखी. गुडघ्याच्या वर जिथे इस्त्री जरा जास्त टेकली तिथे कापड चकाकतंय, कारण ते पॉलिस्टर आहे आणि आत लेबलवर इस्त्रीच्या चित्रावर ढळढळीत फुली मारलेली आहे. आणि झालेल्या प्रकारात हे सगळ्यात कमी वाईट आहे.

थोडक्यात सांगते. ऑफिसातल्या मंडळींचं जानेवारीत गुलमर्गला स्कीइंग शिकायला जायचं ठरलं, मीपण हो म्हटलं. ग्रुपवर लिस्ट आली, थर्मल, फ्लीस (म्हणजे मऊ, लवदार, उबदार कापडाचा शर्ट), वॉटरप्रूफ जॅकेट, वॉटरप्रूफ पँट. पँट घेतली. माझी उंची पाच फूट एक इंच. ती पँट ज्या बाईच्या मापाने शिवली ती बहुतेक नॉर्वेत राहत असावी आणि पंखा पुसायला तिला स्टूल लागत नसावं. सगळ्यात लहान साइज घेऊनही अर्धी वीत कापड जमिनीवर लोळत होतं. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, कुठल्याही टेलरकडून कमी करून घ्या."

कुठल्याही टेलरकडून!

पार्ल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी जिन्याखाली एक मास्टर बसतात. मशीन, बल्ब, दोरीवर लटकवलेले दुसऱ्यांचे ब्लाउज, आणि बाजूला प्लॅस्टिकच्या स्टुलावर एक काका. हे काका गिऱ्हाईक नाहीत, मास्टरांचे नातेवाईक नाहीत, भागीदारही नाहीत. ते तिथे असतात. पेपर वाचतात. मी शाळेत होते तेव्हापासून असतात.

मास्टरांनी पँट उलटी केली, सुलटी केली, कापड बोटांत चुरगाळून बघितलं आणि विचारलं, "रेनकोट आहे का ताई?"

मी म्हटलं, नाही, स्कीइंगची आहे, बर्फात घालायची.

इथे पेपर खाली आला.

"बर्फात? कुठे?"

"गुलमर्गला."

"कोण कोण?"

"ऑफिसचे आहेत काका. मास्टर, ही पँट कमी करायची होती..."

"कमी कशाला करतेस, दुमड की वर. बर्फात कोण बघतंय."

पँटचा टॅग अजून तसाच लटकत होता. काकांनी तो हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि मोठ्याने वाचलं, "दहा हजार एमएम. हे काय?"

आता हे मला नुकतंच कळलेलं असल्यामुळे मी जरा तोऱ्यात सांगितलं. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरतात आणि तो वाढवत नेतात, दहा हजार मिलिमीटर म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा दाब येईपर्यंत कापड गळत नाही. काका दोन क्षण गप्प बसले. मला वाटलं पटलं.

"मुंबईत अख्ख्या वर्षात पाऊस किती पडतो?" काका म्हणाले. "सव्वादोन-अडीच हजार. म्हणजे ही पँट सलग चार वर्षं पावसात उभी केली तरी चालेल."

"तसं नसतं ते काका."

"तसंच असतं, गणित आहे. २६ जुलैला, २००५ साली, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. मी अंधेरीहून चालत आलो, कमरेएवढ्या पाण्यातून. साधी टेरिकॉटची पँट. काय झालं मला?"

"काही नाही झालं," मास्टर दोऱ्याला गाठ मारत म्हणाले. त्यांनी हे आधी ऐकलेलं असावं.

(मुंबईत कुठलाही विषय काढा, पाचव्या वाक्याला गाडी सव्वीस जुलैवर येते. माझ्याकडेही त्या दिवसाची एक गोष्ट आहे, पण मी ती इथे सांगत नाहीये, हा माझा संयम बघा.)

मग माझी परीक्षा सुरू झाली. आतून काय घालणार? मी म्हटलं, थर्मल. कसलं? लोकरीचं नाहीतर पॉलिस्टरचं. "छे! सुती घाल. अंगाला कॉटनसारखं काही नाही." मी सांगितलं की कॉटन घाम पितं आणि ओलंच राहतं, वाळत नाही लवकर, आणि ओलं कापड अंगाला चिकटलं की उलट जास्त थंडी वाजते. तर काका हसले, म्हणजे माझ्याकडे बघून नाही, मास्टरांकडे बघून हसले, आणि म्हणाले, "बर्फात घाम येणार म्हणे हिला." अहो, येणारच ना! नवशिक्या माणसाला स्की शिकायचं म्हणजे दिवसभर पडायचं, उठायचं, ती लाकडं खांद्यावर टाकून चढ चढायचा, परत पडायचं. मी घरात नुसतं फ्लीसवर जॅकेट चढवून आरशासमोर उभी राहिले होते तर घामाने थबथबले, पंखा पाचवर असताना.

मोजे? एक जोड, पातळ, गुडघ्यापर्यंत. "एक?! दोन घाल. आणि मध्ये पेपर." लगेच पेपरचं एक पान घेऊन स्वतःच्या चपलेवर गुंडाळून प्रात्यक्षिक. स्कीचा बूट कडक प्लॅस्टिकचा असतो, त्याचं माप सेंटिमीटरमध्ये घेतात इतका तो पायाला घट्ट बसावा लागतो, दोन मोजे घातले तर चुण्या पडतात, पाय दाबला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय आणखी गार पडतो. हे मी सांगत होते तेव्हा काका पेपरची दुसरी घडी कशी घालायची ते दाखवत होते. गॉगलवर तर विषयच संपला, "काश्मीरला ऊन असतं का?" ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो आणि जितकं उंच जाल तितके ते वाढतात, गुलमर्ग साडेसव्वीसशे मीटरवर, वरचा गंडोला, म्हणजे तिकडचा रोपवे, जवळजवळ चार हजारांवर नेतो. सनस्क्रीन मुरुडपेक्षा तिकडे जास्त लागतं. पण हे मी बोललेच नाही, कारण तोपर्यंत काकांनी मोबाइल काढला होता.

"मी गेलोय रोहतांगला. ८६ साली."

मोबाइलमध्ये फोटोचा फोटो होता. अल्बमवरच्या प्लॅस्टिकवर ट्यूबलाइट चमकतीये, आणि तिच्या खाली काका, भाड्याच्या काळ्या फरच्या कोटात, कोट टाचेपर्यंत, भाड्याचे गमबूट, एका हातात बर्फाचा गोळा, टाकायच्या पवित्र्यात. शेजारी काकू. काकूंनी पण कोट घातलाय पण साडीवरून, त्यामुळे कोटाचं शेवटचं बटण लागलेलं नाही आणि खालून निऱ्या बाहेर आल्यात, ओल्या, घोट्यापर्यंत चिखलाच्या रंगाच्या. काका हसतायत. काकू अजिबात हसत नाहीयेत. मला त्या काकूंशी बोलायला फार आवडलं असतं.

या सगळ्यात मी मास्टरांना एकच गोष्ट सांगितली, बोट लावून दाखवून सांगितली. बाहेरचं कापड आत दुमडून शिवा, आत जे इलॅस्टिकचं दुसरं कापड आहे त्याला हात लावायचा नाही. त्याला गेटर म्हणतात. ते बुटावर घट्ट बसतं, म्हणजे पडल्यावर पँटच्या खालून बर्फ आत शिरत नाही. शिरला की वितळतो, मोजे ओले, दिवस संपला. मास्टर म्हणाले, "हो ताई." काका म्हणाले, "कळलं त्याला, जा तू."

परवा पँट आणायला गेले. पिशवीतून काढली, क्रीज दिसली, पोटात गोळा आला. आत हात घातला. गेटर नाही. दोन्ही पायांत नाही. कापून टाकलेलं, आणि वर सुबक हातशिलाई.

"मास्टर, आतलं कापड?"

"काढलं ना. डबल होत होतं. आता फॉल बघा कसा पडलाय."

"मी सांगितलं होतं हात लावू नका म्हणून!"

"काका बोलले काढ."

काकांनी पेपर बाजूला ठेवला. चेहऱ्यावर अपराधीपणा वगैरे काही नाही, उलट उपकारकर्त्याचा भाव. "तू गेल्यावर आम्ही नीट बघितलं. अगं इलॅस्टिक केवढं घट्ट! पायाचं रक्त थांबलं असतं."

"काका, ते पायावर नसतं, बुटावर बसतं!"

"मग बुटाचं थांबलं असतं," काका म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की खोकला आला, मास्टरांनी उठून पाणी दिलं. "आणि हो, कंपनीची सेलोटेप राहून गेली होती आत शिवणीवर. ती पण सोलून काढली त्याने. फुकट."

ती सेलोटेप नव्हती. सुईच्या भोकांतून पाणी आत येऊ नये म्हणून शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते, निम्मे पैसे त्या पट्टीचेच देतो आपण. थोडक्यात, दहा हजार एमएमची पँट आता टेरिकॉटच्या पातळीला आलीये आणि काकांचं सव्वीस जुलैचं म्हणणं खरं व्हायच्या मार्गावर आहे.

बिल: लांबी कमी करायचे एकशेवीस, आतलं काढायचे ऐंशी. इस्त्री फ्री.

मी पैसे दिले. का दिले माहीत नाही. रांगेत मागे एक बाई फॉल-पिको घेऊन उभ्या होत्या, त्यांना घाई होती.

मला राग नेमका कशाचा आलाय ते मी रात्री अंथरुणात शोधत होते. एक तर हे कपडे. या शहरात १९६२ सालच्या जानेवारीत पारा ७.४ वर गेला होता तो अजून आमचा विक्रम, एरवी अठरा झालं की लोक कानटोप्या काढतात, तिथे ही थर्मलं आणि फ्लीस मी परत कधी घालणार? मापं तर विचारूच नका, बाहेर काही कंपन्या आखूड लांबीच्या पँटी वेगळ्या काढतात, इथे दुकानात विचारलं तर मुलगा लहान मुलांच्या सेक्शनकडे बोट दाखवतो, तिथे युनिकॉर्न आहेत. आणि सगळी खरेदी झाल्यावर, टॅग कापून झाल्यावर, ऑफिसातला तो एक प्राणी म्हणतो, "एवढं कशाला घेतलंस, सगळं तिकडे भाड्याने मिळतं." मिळतं, माहितीये. स्की, बूट, काठ्या तिकडेच घ्यायच्यात. पण कालच्या माणसाने दिवसभर पडून ओली केलेली पँट आज मी चढवायची का? तर ती मी नाही चढवणार. आणि हे त्याला लिस्ट टाकताना सुचलं नाही. लिस्ट त्यानेच टाकली होती.

घरी आणखी वेगळं. विमानात पंधरा किलो, हातात सात, आणि आईने डिंकाचे लाडू काढलेत. तिने विणलेली कानटोपी पण आहे, जिच्यावर हेल्मेट बसत नाही, हे तिला सांगायची हिंमत घरात कुणातच नाही. प्रीपेड सिम तिकडे चालत नाही म्हटल्यावर ती घाबरली, आणि लाडू वाढवले. बाबांनी पँट बघितली आणि म्हणाले, "वा, क्रीज छान पाडलीये."

आणि आज सकाळी दूध आणायला गेले तर समोरून काका. मॉर्निंग वॉकला. हाफ पँट. दोन्ही गुडघ्यांवर काळं, इलॅस्टिकचं, खालच्या कडेला रबरी पट्टी असलेलं काहीतरी घट्ट बसवलेलं.

"काका, हे माझे गेटर आहेत!"

"वाताला काय बरं वाटतं माहितीये!" काका जागच्या जागी चालत म्हणाले. "मास्टर फेकत होता. मी म्हटलं कापड चांगलं आहे."

"मला हवेत ते. परत जोडायचेत."

"तू जाणार कधी? तोपर्यंत वापरतो की."

मी रस्त्यात उभी राहून, हातात दुधाच्या पिशव्या घेऊन, एका सत्तरीच्या माणसाला गुडघे उघडे करायला लावले. येणारेजाणारे बघत होते. एक ओळखीच्या काकू तर थांबल्याच. काकांनी बाकावर बसून, कण्हत, एकेक उतरवून दिलं, गरम होतं, आणि वर, "धुऊन घे हं" असंही म्हणाले.

तशीच मास्टरांकडे गेले. इलॅस्टिक सैल पडलंय, ते बदलावं लागेल म्हणाले, शिवाय दोन्ही पायांना फिरून शिलाई, दोनशे होतील. काढायचे ऐंशी आणि लावायचे दोनशे! मी म्हटलं शंभर, एक पैसा जास्त नाही, आणि इस्त्री करायची नाही. मास्टर मान हलवत होते तेवढ्यात स्टूल ओढल्याचा आवाज आला. काकांनी पेपर उघडला, पहिलं पान झटकलं आणि आतूनच म्हणाले, "दीडशेवर मिटवा."