‘शिसं निघालं हे रिपोर्टमध्येच दिसतंय’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

चिलेशनवरच्या, म्हणजे औषध देऊन अंगातले शिशासारखे धातू बाहेर काढण्याच्या उपचारावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की आईंना हृदयातल्या ब्लॉकेजसाठी ईडीटीए या चिलेशनच्या औषधाची सलाइन लावली, नंतर लघवीच्या रिपोर्टमध्ये भरपूर शिसं दिसलं, आणि तरीही मी विरोध करतो म्हणजे मी औषध कंपन्यांची बाजू घेतोय. आरोपाचं राहू द्या. आईंचा पुढचा कोर्स त्या रिपोर्टवर ठरणार आहे, म्हणून रिपोर्टबद्दल लिहितो.

ती लघवी सलाइन लावण्याआधी घेतली होती की नंतर? हाडांत थोडं शिसं आपल्या सगळ्यांच्याच असतं. ईडीटीए शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढतं, त्यामुळे औषधानंतर आकडा वाढणारच, धडधाकट माणसाचाही वाढेल. रिपोर्टवरची ‘नॉर्मल’ मर्यादा मात्र औषध न घेतलेल्यांची असते. विषबाधा आहे का हे ठरवायचं तर औषध देण्याआधी रक्तातलं शिसं मोजावं लागतं.

आता हृदयाचं. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या ईडीटीएच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत थोडा फायदा दिसला होता, विशेषतः मधुमेहींमध्ये. म्हणून हार्ट अटॅक येऊन गेलेल्या मधुमेहींवरच ती पुन्हा केली. 2024 मध्ये निकाल आला: रक्तातलं शिसं 61 टक्क्यांनी उतरलं, हृदयाला फायदा झाला नाही. शिसं निघणं आणि माणूस बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मी मूळ लेखात म्हणत होतो. मुलांमध्येही हेच दिसलं. रक्तात मध्यम प्रमाणात शिसं असलेल्या 780 मुलांच्या चाचणीत सक्सिमर या शिसं काढणाऱ्या दुसऱ्या औषधाने शिसं कमी झालं, पण बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत फरक पडला नाही.

म्हणून ही औषधं कुचकामी आहेत असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. 2010 साली नायजेरियातल्या झाम्फारा भागात लोक घरच्या घरी सोन्याचं खनिज दळत होते. त्या दगडात शिसं होतं. धूळ अंगणात, भांड्यांत, रांगत्या मुलांच्या हातांवर बसली आणि चारशेहून अधिक मुलं दगावली. झटके येणाऱ्या मुलांना ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने हेच सक्सिमर दिलं आणि कितीतरी जीव वाचले. पण त्यांचा आग्रह होता की आधी गावाची माती काढा. बगेगा गावची सफाई 2013 पर्यंत रखडली, आणि तिथल्या मुलांचे उपचारही तोवर खोळंबले. हे वाचताना जीव तुटतो, तरी मला तो आग्रह पटतो. विषारी अंगणात परत जाणाऱ्या मुलाच्या अंगात शिसं पुन्हा भरतंच.

तेव्हा आईंचं रक्तातलं शिसं तपासून घ्या. ते खरंच वाढलेलं निघालं तर घरात शोधा: भस्मं, रसौषधी, सुरमा, जुन्या रंगाचे पोपडे, आसपास बॅटऱ्या फोडण्याचं काम.

आणि सलाइनमध्ये घातलेल्या औषधाच्या कुपीवरचं नाव वाचा. शिशाच्या विषबाधेत ‘कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए’ देतात. नुसतं ‘डायसोडियम ईडीटीए’ रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि ते भराभर गेलं तर हृदय थांबू शकतं. 2005 मध्ये पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांचा एक मुलगा असाच गेला. पुढची सलाइन लागण्याआधी हे नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि ते आईंना का द्यायचं आहे हेही विचारा.